वारसाहक्काने मिळणारे आसन

ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, वंशपरंपरागत सरदाराकडे वडिलांच्या पश्चात किताबाबरोबर कायदे करण्याचा अधिकारही चालत येत असे. या व्यवस्थेत पात्रता कशावरून ठरे, हे सिन्हा घराण्याच्या उदाहरणातून विशेष स्पष्ट होते.

मुंबईत १९१५ साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष सत्येंद्र प्रसन्न सिन्हा यांना १९१९ मध्ये ‘बॅरन सिन्हा ऑफ रायपूर’ हा किताब मिळाला (हे रायपूर बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातले), आणि भारतमंत्र्यांचे उपमंत्री या नात्याने त्यांनी त्याच वर्षीचे भारत सरकार विधेयक लॉर्ड्‌समधून मंजूर करून घेतले. हे आसन कर्तृत्वाने मिळालेले होते. १९२८ मध्ये त्यांचे निधन झाले. थोरले चिरंजीव अरुणकुमार यांचा दावा मात्र १९३९ मध्ये मान्य झाला. ज्या हिंदू विवाहपद्धतीत त्या काळी दुसरी पत्नी करण्याची मुभा होती, त्या पद्धतीने विवाहबद्ध झालेल्या दांपत्याचा मुलगा किताबाचा वारस ठरतो काय, असा प्रश्न सभागृहाच्या विशेषाधिकार समितीपुढे होता. एकपत्नीत्व बंधनकारक मानणाऱ्या ब्राह्मो समाजात आईवडिलांनी मुलाच्या जन्मापूर्वीच प्रवेश केला होता, या आधारावर तो सुटला. कायदे करणाऱ्याची पारख त्याच्या आईवडिलांच्या विवाहावरून व्हावी, ही गोष्ट भारतीय वारसाइतकीच त्या सभागृहालाही कमीपणा आणणारी होती.

ज्याला हे आसन नको, त्याचीही सुटका नसे. १९६० मध्ये वडील वारताच टोनी बेन यांची कनिष्ठ सभागृहातील जागा गेली, १९६१ च्या पोटनिवडणुकीत ब्रिस्टलच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले, तरी निवडणूक न्यायालयाने ती जागा पराभूत प्रतिस्पर्ध्याच्या पदरात टाकली. किताब सोडण्याची मुभा १९६३ च्या कायद्याने दिली. स्वतःच्या हक्काने किताब धारण करणाऱ्या स्त्रियांनाही सभागृहाचे दार त्याच कायद्याने उघडले.

१९९९ च्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत सरदार बाहेर पडले, पण तडजोड म्हणून ९२ जागा राखल्या गेल्या आणि त्यांतील बहुतेक जागांसाठी पोटनिवडणुकांची सोय झाली. २०१६ मध्ये लिबरल डेमोक्रॅट गटातील अशा एका जागेसाठी उमेदवार सात होते आणि मतदार तीन. या जागाही रद्द करणारे विधेयक लेबर सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये मांडले, तेव्हा यांतील कित्येक सभासद समित्यांमध्ये मन लावून काम करतात, असा आक्षेप घेतला गेला. तो खरा आहे. परंतु अशा सभासदांना आजीव सदस्य म्हणून नेमता येते, त्यासाठी वारसाहक्क राखण्याची काहीच गरज नाही.