दाढीची खाज
दाढी राखूं लागलेल्या तरुणास पहिले कांहीं दिवस खाज सुटते. वस्तऱ्यानें कापलेल्या केसाचें टोंक तीक्ष्ण असून तें वाढतांना त्वचेस टोंचतें. ही खाज बहुधा आपोआप शमते. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरेत.

परंतु लाली व तेलकट कोंडा दिसल्यास आम्ही तेल वर्ज्य सांगतों; कारण त्यामागील मालासेझिया नांवाची बुरशी तेलावरच पोसते. तेथें २ टक्के केटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यांतून दोनदां लावून ५ मिनिटांनीं धुऊन टाकावा.

कडेनें पसरणारा वाटोळा चट्टा मात्र गजकर्णाचा असण्याचा संभव. तो डॉक्टरांस दाखवावा. शेजाऱ्यानें सुचविलेलें स्टेरॉइडयुक्त मलम खाज तात्काळ थांबवितें, परंतु गजकर्ण फोफावतच राहतें. खाज थांबली म्हणजे रोग गेला, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये.