टीम नाशिकची, मॅच गहुंजेला

मंडळी, क्रिकेटवर मी लिहिणार म्हटल्यावर भाचेमंडळी हसणार हे ठाऊक आहे. पण मला पडलेला प्रश्न क्रिकेटचा नाही, भूगोलाचा आहे, आणि भूगोल मी तीस वर्षं शिकवला आहे!

आपल्या गावाच्या नावाची एक टीम आहे, ईगल नाशिक टायटन्स. 2023 मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीगला सहा संघ उतरले, त्यात नाशिकचं नाव आलं. ईगल म्हणजे आपल्या सह्याद्रीतला गरुड वगैरे नव्हे हं, ते मालक कंपनीचं नाव, ईगल इन्फ्रा. पहिल्या वर्षी मुख्य खेळाडू राहुल त्रिपाठी, तो पुण्याचा. 2024 ला ही मंडळी फायनलला गेली आणि रत्नागिरी जेट्सकडून हरली. 2025 च्या जूनमध्ये रायगड रॉयल्सला हरवून कप घेतला. तीन वर्षांत एवढी मजल, कौतुकच आहे.

पण या तीन वर्षांत ही टीम नाशिकमध्ये लीगच्या किती मॅच खेळली? एकही नाही. सगळ्या संघांच्या सगळ्या मॅच पुण्याजवळ गहुंजेला. इथून दोनशे किलोमीटर! रत्नागिरीकर, कोल्हापूरकर, सोलापूरकर यांचंही तेच. पुण्याचा संघ सोडला तर सगळेच पाहुणे.

"खेळाडू तरी कुठे नाशिकचे आहेत?" असं काही जण कुरकुरतात. मला ते पटत नाही. लिलाव म्हटला की अदलाबदल आलीच. नाशिकच्या रामकृष्ण घोषला नोव्हेंबर 2024 मध्ये चेन्नईने 30 लाखांना घेतलं, तेव्हा आपण टाळ्याच वाजवल्या ना?

माझा एक भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात, डे मॉइन्सला असतो. तिथे बास्केटबॉलची एक टीम आहे, एनबीएच्या खालच्या लीगमधली. 2007 साली आयोवा एनर्जी नावाने निघाली, 2017 पासून आयोवा वूल्व्ज. मालक मिनेसोटाचे, नाव बदललं, खेळाडू तर कुठून कुठून येतात आणि जरा चमकले की वरच्या टीममध्ये जातात. तरी ती गावाची, कारण मॅच गावातच होते. भाचा ऑफिसातून सुटला की पोरांना घेऊन जातो. पोरांना खेळाडूंची नावं पाठ आहेत. इथे मी शेजारच्या मुलांना टायटन्समधले पाच जण सांगा म्हटलं, तर दोनावर गाडी अडली.

एकाच मैदानावर खर्च कमी, कॅमेरे एकदाच लावायचे, हे मलाही कळतं. जूनचा पाऊसही खरा. पण 2023 ची फायनल गहुंजेलाच पावसाने धुतली होती, तेव्हा पावसाचं कारण एकट्या नाशिकला लावू नये. आणि मैदान नाही असंही कोणी म्हणू नये. आपल्या गोल्फ क्लबवर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना झाला. चार दिवसांचा सामना चालतो, तर साडेतीन तासांचा का चालू नये?

सगळी लीग आणा असं मी म्हणत नाही. हंगामात एक मॅच, दुपारची, दिव्यांची भानगड नको. तिकीट काढून येईन. फक्त म्हाताऱ्यांसाठी एका बाजूला मांडव घाला, जूनच्या सुरुवातीला ऊन फार असतं.