परदेशी सेमिस्टरची फी भरण्याआधी कॉलेजचा कागद हातात घ्या

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. अमक्याची मुलगी मुंबईला शिकते, ती आता सहा महिने जर्मनीला चालली. व्हॉट्सअ‍ॅपवर अभिनंदन सुरू होतं, घरी पेढे वाटले जातात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तिथे केलेला अभ्यास इथल्या पदवीत धरणार आहेत का?

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या कॉलेजांत कोकणातली आणि घाटावरची पुष्कळ मुलं मामा-काकांच्या खोलीवर राहून शिकतात. काही कॉलेजांचे परदेशी संस्थांशी करार असतात. त्या यादीतल्या कोर्सला जायचं असेल तर रस्ता आखलेला असतो. पण यादीतला कोर्स परवडत नाही, आपल्या विषयाचा नसतो किंवा जागा भरलेल्या असतात. मग मुलगा स्वतः शोधून, नाहीतर एजंटाच्या सांगण्यावरून, यादीबाहेरच्या कोर्सला प्रवेश घेतो. खरी अडचण इथून सुरू होते.

नुकसान कुठे होतं?

प्रवेशपत्र, पासपोर्ट आणि व्हिसा मिळाला की आपण जाऊ शकतो. पण तिथले मार्क इथे धरले जातीलच असं नाही. मुंबई विद्यापीठात 75 टक्के हजेरीचा नियम आहे. कॉलेजची मंजुरी न घेता पोरगं सहा महिने बाहेर राहिलं तर हजेरी भरत नाही आणि परीक्षेचा फॉर्म अडतो. परत आल्यावर तेच सेमिस्टर पुन्हा करायची वेळ येते. महाडीबीटीची शिष्यवृत्ती चालू असेल तर तिचं नूतनीकरणही अडकू शकतं. म्हणजे कर्ज काढून परदेशी गेला आणि इथलं वर्षही गेलं, असा दुहेरी फटका. शेतावर किंवा दागिन्यांवर पैसे उचललेल्या घराला तो झेपत नाही.

सही कोणाची लागते?

इथे बऱ्याच पालकांचा गोंधळ होतो, कारण सगळी कॉलेजं सारखी नसतात. साधं संलग्न कॉलेज असेल तर अभ्यासक्रम आणि पदवी विद्यापीठाची असते. तिथे प्राचार्य "बघू, करून देऊ" म्हणाले तरी तेवढ्यावर भागत नाही, प्रकरण विद्यापीठाकडे जावं लागतं. स्वायत्त कॉलेजला स्वतःचं अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद असते. घाटकोपरचं रामनिरंजन झुनझुनवाला कॉलेज आणि मुलुंडचं वझे कॉलेज ही अशी स्वायत्त कॉलेजं आहेत. अशा ठिकाणी अर्जाचा विचार कॉलेजच्या पातळीवर होऊ शकतो, पदवी मात्र मुंबई विद्यापीठाचीच मिळते. तिसरा प्रकार सोमय्या विद्याविहारसारखा. ते 2019 पासून स्वतःच विद्यापीठ आहे. आपलं कॉलेज यापैकी कोणत्या प्रकारचं आहे, हे आधी विचारून घ्या.

यूजीसीने मे 2022 मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबरच्या कोर्ससाठी नियम काढले. त्यात ट्विनिंग प्रकारात परदेशात मिळवलेले क्रेडिट 30 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाहीत. पण हे नियम दोन संस्थांमधल्या करारासाठी आहेत. आपण एकट्याने शोधलेल्या कोर्सला त्यांचा आधार आपोआप मिळत नाही. यूजीसीने डिसेंबर 2023 मध्ये असाही इशारा दिला होता की, मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी जोडून काही कॉलेजं आणि ऑनलाइन कंपन्या देत असलेल्या पदव्या धरल्या जाणार नाहीत. त्यामुळे मोबाइलवरची जाहिरात बघून फी भरू नका.

अर्ज कसा करायचा?

"संधी चांगली आहे, कृपया परवानगी द्यावी" एवढ्यावर काम होत नाही. कॉलेजची भीती समजून घेतली पाहिजे. तिथले मार्क इथे कसे बसवायचे, राहिलेले पेपर कधी घ्यायचे, उद्या दहा जण असेच आले तर काय, हे प्रश्न त्यांच्यापुढे खरोखर असतात. अर्जातच त्यांची उत्तरं द्या:

- परदेशी संस्थेला तिथल्या सरकारची मान्यता असल्याचा पुरावा.
- इथला पेपर आणि तिथला पेपर शेजारी शेजारी मांडलेला तक्ता. विषय, तास आणि क्रेडिट त्यात हवेत.
- तिथून अधिकृत गुणपत्रक मिळेल, असं त्या संस्थेचं पत्र.
- न जुळणारे पेपर परत आल्यावर कधी देणार, त्याचा आराखडा.
- हजेरीची सूट आणि शिष्यवृत्ती याबद्दल वेगळी, स्पष्ट विनंती.

विभागप्रमुखांना आधी भेटा. त्यांची शिफारस असेल तर पुढची वाट सोपी होते. अर्ज सेमिस्टर सुरू व्हायच्या बराच आधी द्या, कारण समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत. आवक क्रमांकाची पोच घ्या.

उत्तरच मिळालं नाही किंवा कारण न देता नकार आला, तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जाता येतं. समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यानंतरही समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं.

बाबासाहेबांनी काय केलं होतं?

1917 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धवट सोडून परतावं लागलं. पण निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी मिळवली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांची मदत झाली आणि 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली. तेव्हा हातात पैसा नव्हता, पण परवानगी होती. म्हणून तीन वर्षं मध्ये जाऊनही आधीचा अभ्यास वाया गेला नाही.

नकारच आला तर?

नकार आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. मे महिन्याच्या सुट्टीतला छोटा कोर्स केला तर हजेरीला धक्का लागत नाही. पदवी पूर्ण करून पुढे पूर्ण कोर्सला जाता येतं. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. ती क्यूएस क्रमवारीत 200 च्या आतल्या विद्यापीठात पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी मिळते, दरवर्षी 75 जणांना. शिवाय जून 2025 मध्ये पाच परदेशी विद्यापीठांना नवी मुंबई परिसरात येण्यासाठी इरादापत्रं देण्यात आली. ती सुरू झाली की काहींना विमानाचं तिकीट काढायचीही गरज उरणार नाही. फी किती असेल, हे मात्र तेव्हाच बघावं लागेल.

मूल परदेशी जात असेल तर त्याला अडवू नका. फक्त पैसे भरण्याच्या आदल्या दिवशी एकच विचारा, "बाळा, कॉलेजचं पत्र आलं का?" पत्र आलं नसेल तर फी थांबवा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर कॉलेजच्या ऑफिसात जा.