गुण कोणी मोजावयाचे?

दिवेलागणीनंतर मुले दूरचित्रवाणी-संचासमोर हाती यंत्र धरून खेळत बसलेली दिसावीत, यात बेळगाव, इंदूर वा बडोदे येथील कुटुंबांनाही आता काही नवल वाटत नाही. याविषयी वडीलधाऱ्या मंडळींत दोन मते आढळतात. काहींना हे खूळ घराबाहेर फेकावेसे वाटते. काही 'काळच तसा आला, आपण काय करणार?' असे म्हणून स्वस्थ बसतात. आम्हांस ही दोन्ही मते उतावळेपणाची वाटतात. ज्या वस्तूविषयी निवाडा द्यावयाचा, तिचा जन्म आणि वाढ आधी समजून घेणे हेच न्यायाचे होय.

घरगुती व्हिडिओ गेमचे जनक म्हणून राल्फ बेअर यांचे नाव घेतले जाते. ते जन्माने जर्मन ज्यू. नाझी राजवटीच्या छळामुळे १९३८ साली त्यांच्या कुटुंबास मायदेश सोडून अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला. पुढे ते न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ येथे सँडर्स असोसिएट्स या लष्करी सामग्री बनविणाऱ्या कंपनीत अभियंता झाले. १९६६ सालच्या सप्टेंबरात त्यांनी चार पानांचे एक टिपण लिहिले. दूरचित्रवाणी घरोघर पोहोचली आहे, परंतु तिच्यासमोर मनुष्य नुसता पाहत बसतो; त्या पडद्यावर त्याला स्वतः काही खेळता येईल काय, हा त्या टिपणाचा गाभा होता. बिल हॅरिसन व बिल रश या सहकाऱ्यांसह त्यांनी बनविलेले यंत्र मॅग्नाव्हॉक्स कंपनीने पत्करले आणि १९७२ साली 'ओडिसी' या नावाने बाजारात आणले.

आजच्या मुलांना ते यंत्र पाहून हसू येईल. त्याला आवाज नव्हता, रंग नव्हता. पडद्यावर प्रकाशाचे दोन-तीन ठिपके आणि एक रेघ, एवढाच त्याचा संसार. मैदान दाखवावयाचे तर चित्र छापलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद पडद्यावर लावावा लागे. सोबत फासे, पत्ते आणि खोट्या नोटाही मिळत. परंतु त्या यंत्रात आणखी एक उणीव होती, आणि तिच्याकडे आम्ही वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधू इच्छितो. त्या यंत्रास गुण मोजता येत नसत. खेळणारे दोघे शेजारी शेजारी बसत आणि आपले गुण आपणच मोजत. चेंडू कोणाचा चुकला याचा निर्णय त्यांनीच करावयाचा; तंटा झाला तर तोही त्यांनीच मिटवावयाचा. खोटे सांगण्याची वाट तेथे मोकळी होती. म्हणूनच खरे सांगण्याला किंमत होती.

ही उणीव लवकरच भरून निघाली. १९७२ सालीच नोलन बुशनेल व टेड डॅब्नी यांनी अटारी कंपनी स्थापन केली. तिच्या अॅलन अल्कॉर्न यांनी रचलेल्या 'पाँग' या खेळात पडद्यावरच गुण उमटू लागले, आणि १९७५ मध्ये तो खेळ घरोघर आला. १९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने कृष्णवर्णीय अभियंता जेरी लॉसन यांच्या नेतृत्वाखाली असा संच काढला की, ज्यात हवे ते खेळ निरनिराळ्या डब्यांतून घालता येत. अशा संचांत सूक्ष्म-संगणक आल्यामुळे यंत्र स्वतःच प्रतिस्पर्धी होऊ शकले. गुण मोजावयास माणूस लागेना, आणि समोर बसावयासही लागेना.

मध्यंतरी या धंद्याला मोठी ठेच लागली. अटारीचा १९७७ सालचा संच लोकप्रिय होताच बाजारात निकृष्ट खेळांचा पूर आला. १९८२ मध्ये 'ई. टी.' या चित्रपटावरील खेळ सुमारे पाच आठवड्यांत घाईने उरकण्यात आला. त्याच्या न खपलेल्या प्रती इतर मालासह न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे पुरण्यात आल्या. २०१४ साली तेथे खोदकाम झाले तेव्हा त्या खरोखरच सापडल्या. १९८३ पासून अमेरिकेतील हा व्यापार कोसळला. मुलांना काहीही चालते, असे मानणाऱ्या व्यापाऱ्यांना मुलांनीच दिलेले हे उत्तर होते.

त्यातून हा खेळ पुन्हा उभा केला तो जपानने. क्योटो येथील निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठी निघाली होती. तिने १९८३ मध्ये जपानात 'फॅमिकॉम' हा संच आणला. १९८५ पासून तो नव्या नावाने अमेरिकेत गेला आणि जगभर त्याचे ६ कोटींहून अधिक संच खपले. १९९० नंतरच्या काळात आपल्याकडील मध्यमवर्गीय घरांत हा खेळ शिरला तो बहुधा त्याच्याच स्वस्त नकलांच्या रूपाने. त्या डब्यांना आपण 'कॅसेट' म्हणत असू. वेष्टनावर शेकडो खेळांची जाहिरात असे. आत मात्र तेच थोडे खेळ नावे बदलून पुनःपुन्हा येत. तरीही संच एकच असल्याने भावंडे पाळी लावून खेळत, आणि शेजारची मुले मागे बसून सल्ला देत.

१९९४ साली सोनी कंपनीचे 'प्लेस्टेशन' आले. डब्याची जागा तबकडीने घेतली, आणि त्याचे १० कोटींहून अधिक संच खपले. २००० सालच्या त्याच्या दुसऱ्या आवृत्तीने १५ कोटींचाही टप्पा ओलांडला. मायक्रोसॉफ्टच्या 'एक्सबॉक्स'ने २००२ पासून खेळाडूंना जाळ्यावरून एकमेकांशी जोडले. आता प्रतिस्पर्धी शेजारी नसून सातासमुद्रापार असू शकतो. २००६ सालच्या निन्टेंडोच्या 'वी' संचाने मात्र हात हालवून खेळावयाचे खेळ देऊन आजी-आजोबांनाही पुन्हा बैठकीच्या खोलीत ओढून आणले, हे कबूल केले पाहिजे.

या प्रवासात आणखी एक गोष्ट पालटली, ती पैशाची. पूर्वी कॅसेट एकदा विकत घेतली की व्यवहार संपे. आता कित्येक खेळांत आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी पैसे देऊन उघडावयाची असते. बेल्जियमच्या जुगार-नियंत्रण आयोगाने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरविले. जागतिक आरोग्य संघटनेनेही खेळावरचा ताबा सुटून जीवनक्रम विस्कटणे, या अवस्थेस २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या यादीत स्थान दिले आहे. तथापि ती संघटना हेही सांगते की, खेळणाऱ्यांपैकी अल्प जणांसच हा विकार जडतो, आणि त्याचे निदान करावयास साधारणतः बारा महिने अशी लक्षणे दिसावी लागतात. म्हणजे परीक्षेच्या तोंडावर मुलगा दोन तास खेळला म्हणून त्यास रोगी ठरविणे हा अन्यायच होय.

मग आईबापांनी काय करावे? आमचे सांगणे थोडे आहे. मूल काय खेळते, कोणाशी खेळते, हे त्याच्या शेजारी बसून पाहावे. जमल्यास स्वतः एक डाव हरावा. खेळण्याची वेळ त्याच्याशी बोलून ठरवावी आणि मग मोडू नये. आजच्या संचांत वेळेवर व खर्चावर बंधन घालण्याची सोय असते, ती शिकून घ्यावी; पैसे भरण्याची किल्ली मात्र मोठ्यांच्याच हाती असावी. घरात भावंडे असतील तर एकट्याने खेळावयाच्या खेळापेक्षा दोघांनी मिळून खेळावयाचा खेळ आणावा.

पडद्यावरचे गुण आता यंत्र मोजते, आणि ते बिनचूक मोजते. पण हरल्यावर रागावून न उठणे, धाकट्याला पाळी देणे, आणि ठरलेल्या वेळी 'पुरे' म्हणणे, हे गुण कोणत्याही यंत्राला मोजता येत नाहीत. ते काम अद्यापि घरातल्या माणसांकडेच आहे.