आडवे, उभे आणि आम्ही दोघी

मैत्रिणींनो, रविवारी दुपारी मागचं आवरून झालं की तुम्ही काय करता? मी पेन्सिल शोधते. शब्दकोडे सोडवायला!

'कमळ'ला प्रतिशब्द द्या, असली कोडी पाठांतरावर सुटतात. खरी गंमत चकवणाऱ्या कोड्यात. हे पाहा : 'मुले करतात, शूर दाखवत नाहीत' – दोन अक्षरे. उत्तर, पाठ! 'गरिबाला उलटे करा, समुद्राला मिळेल' – दीन उलटा वाचा, नदी! 'गळ्यात पडला तर मान, पदरी पडली तर अपमान' – इथे 'पडला' आणि 'पडली' ही छपाईची चूक नव्हे, तीच तर खूण. हार! चकवा असावा, फसवणूक नसावी. उत्तर सापडल्यावर "अगंबाई, समोरच तर होतं!" असं वाटलं पाहिजे.

आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आले. आकार चक्क शंकरपाळ्याचा! आपल्या मराठी कोड्यात एका घरात काना-मात्रेसकट अख्खे अक्षर बसते. आडव्या शब्दात 'दी' आला, तर उभ्यातही 'दी'च हवा. 'दि' चालत नाही. शुद्धलेखन आपोआप सुधारते.

मागच्या पावसाळ्यात मी एका ठिकाणी अडले. 'पाणी गार करतो, पातेल्यात शिजतो, वर्गात मागच्या बाकावर बसतो' – दोन अक्षरे. मी बी. ए. झालेली, आठवड्यातून तीन दिवस शाळेत शिकवणारी. अर्धा तास डोकं खाजवत बसले. शेजारी सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांची शाळा चौथीतच सुटलेली. कोड्यातलं त्यांना कधी विचारावं, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. सहज मोठ्यांदा वाचलं, तर मान वर न करता म्हणाल्या, "माठ." आणि जरा थांबून, "मला मास्तर तेच म्हणायचे."

मला हसू आलं नाही. म्हटलं, "आई, आज माठ मी ठरले." तेव्हा मात्र त्या खुदकन हसल्या. तेव्हापासून दर रविवारी मी वाचते, त्या तांदूळ बाजूला ठेवून ऐकतात. उलटसुलट शब्द माझे, दोन अर्थांचे त्यांचे. कितीतरी जुने शब्द मला त्यांच्याकडून मिळाले.

तुम्हीही बसून पाहा. पेनऐवजी पेन्सिल घ्या, खोडता येतं. छोटे शब्द आधी भरा. क्रियापदाचे लिंग-वचन तपासा, त्यात अर्धे उत्तर असते. अडलं तर उठून कुकर लावा. फोडणी घालताना उत्तर सुचतं, माझा अनुभव आहे. पुढच्या अंकातली उत्तरे आधी पाहायची नाहीत हं! आणि मुख्य म्हणजे, कोडे मनात वाचू नका, मोठ्यांदा वाचा.

जाता जाता एक देते : 'मांडवात पाटावर बसला तरी खाली नाही' – दोन अक्षरे. उत्तर मी सांगणार नाही. सासूबाईंनी मात्र भाजी चिरता चिरता सांगितलं!