झाडू वारशानं, घर सेवेपुरतं

१९९५ साली शिवसेनेनं मुंबईतल्या ४० लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचं वचन दिलं. १९९७ ते २०२२ महापालिकेची सत्ताही तिच्याकडेच होती. झोपडीवासीयाला मालकीचं घर मिळालंच पाहिजे, त्यावर माझा वाद नाही. मी विचारतो ते एवढंच: शहर सुधारणाऱ्यांच्या आराखड्यात शहर झाडणारा कुठं आहे?

त्याच्यासाठी याच काळात पालिकेनं ‘आश्रय योजना’ आणली. जुन्या चाळी पाडायच्या, टॉवर बांधायचे. पण घर राहिलं सेवानिवासस्थानच. निवृत्त झालात की किल्ली परत. दुसरीकडे, लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मात्र वारसाला मिळते. म्हणजे डोक्यावरचं छप्पर टिकवायचं तर पोरानं झाडू धरायचा, मग तो बीए असो की एमए.

याला कल्याण म्हणतात. समाजशास्त्राचा संशोधक म्हणून मी याला जात पुढच्या पिढीकडे सोपवण्याची सोय म्हणतो. कुणी सक्ती करत नाही. घरच सक्ती करतं.

२५ वर्षं सेवा केलेल्या सफाई कामगाराला मालकीचं घर देणारी राज्याची डॉ. आंबेडकर श्रमसाफल्य योजना आहे. ती अपवाद न राहता नियम का होत नाही?

मित्रांनो, आपण घरातले पहिले पदवीधर. तुमचं शहर कुठलंही असो, विकासाचा जाहीरनामा घेऊन कुठलाही पक्ष दारात आला, तर रस्ते, बागा नंतर. आधी विचारा, सफाई कामगाराचं घर कुणाच्या नावावर?