विकर्ण कीं युयुत्सु?

द्यूतसभेंत द्रौपदीनें प्रश्न विचारला तेव्हां धर्माची गति सूक्ष्म आहे एवढेंच सांगून भीष्म थांबले. तिच्या बाजूनें उघड बोलला तो धृतराष्ट्राचाच पुत्र विकर्ण. कर्णानें त्याला पोर म्हणून खालीं बसविलें. आणि पुढें युद्धांत हा विकर्ण भावांच्याच बाजूनें लढून भीमाच्या हातून पडला. त्याचा दुसरा भाऊ युयुत्सु मात्र युद्धारंभीं सैन्य ओलांडून पांडवांकडे गेला. दोघांत थोर कोण, हा प्रश्न वर्गांत घालण्याची मला संवय होती. मुलांचें एकमत कधींच होत नसे. ऑस्ट्रेलियांतील एका तरुण बाईंच्या हकीकतीनें तोच प्रश्न आज पुन्हा पुढें येतो.

फातिमाबाई पेमान यांचा जन्म १९९५ सालीं काबूल येथें झाला. आजोबा अफगाण संसदेचे सभासद होते. पुढच्याच वर्षीं तालिबानानें राजधानी घेतली व कुटुंबास पाकिस्तानचा आश्रय घ्यावा लागला. १९९९ सालीं वडील नावेनें ऑस्ट्रेलियास पोंचले. प्रथम स्थानबद्धता; सुटका झाल्यावर स्वयंपाकघरांतील हरकाम, पहारा, टॅक्सी हांकणें, असें पडेल तें काम त्यांनीं केलें. बायकामुलें त्यांच्याजवळ येण्यास २००३ साल उजाडलें. तेव्हां थोरली फातिमा आठ वर्षांची होती. पर्थ शहरीं बिऱ्हाड थाटलें. आईनें मोटार चालविण्यास शिकविण्याचा धंदा सुरू केला. लेकीचें यश पाहणें मात्र वडिलांच्या नशिबीं नव्हतें. २०१८ सालीं ते रक्ताच्या कर्करोगानें वारले.

विद्यापीठाचें शिक्षण झाल्यावर फातिमाबाई कामगार संघटनेच्या कार्यांत पडल्या. २०२२ च्या निवडणुकींत मजूर पक्षानें पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सिनेट-यादींत त्यांचें नांव तिसरें घातलें. तिसरी जागा मिळेल अशी अपेक्षा फारशी नव्हती. पण ती मिळाली. वयाच्या २७ व्या वर्षीं त्या सिनेटांत बसल्या. हिजाब परिधान करून त्या संसदेंत बसणाऱ्या त्या पहिल्याच.

मजूर पक्षाचा दंडक कडक आहे. आंतल्या बैठकींत हवें तें बोलावें; निर्णय झाला कीं सभागृहांत सर्वांनीं एकच मत द्यावें. २५ जून २०२४ रोजीं पॅलेस्टाइनच्या राज्यास मान्यता देण्याचा ठराव ग्रीन पक्षानें आणला. मान्यतेचें तत्त्व मजूर पक्षाच्या धोरणांतही होतें. पण ती शांततेच्या वाटाघाटींचा भाग म्हणून द्यावी, असा सरकारचा आग्रह होता. फातिमाबाई उठल्या आणि ठरावाच्या बाजूस जाऊन बसल्या. ठराव ५२ विरुद्ध १३ मतांनीं पडला. पुन्हा प्रसंग आल्यास असेंच करीन, असें त्यांनीं सांगतांच पंतप्रधान आल्बनीझी यांनीं त्यांना पक्षाच्या बैठकींतून निलंबित केलें. ४ जुलै रोजीं त्यांनीं पक्ष सोडला; जागा मात्र ठेवली.

येथें वाचकांनीं दुसरी बाजूही पाहावी. मतें पक्षाच्या यादीस पडलीं, मग जागा कोणाची, हा आक्षेप पोकळ नाहीं. त्याच पक्षाच्या परराष्ट्रमंत्री पेनी वाँग याही मलेशियांत जन्मलेल्या. समलिंगी विवाहाच्या प्रश्नावर त्यांनीं वर्षानुवर्षें सभागृहांत मनाविरुद्ध पक्षाबरोबर मत दिलें, आंतून झगडत राहिल्या, २०११ सालीं पक्षाचें धोरण बदललें, आणि २०१७ सालीं कायदाही झाला. हा विकर्णाचा मार्ग. तो निष्फळ म्हणतां येत नाहीं.

फातिमाबाईंनीं ऑक्टोबर २०२४ मध्यें ‘ऑस्ट्रेलियाज् व्हॉइस’ हा नवा पक्ष काढला. मे २०२५ च्या निवडणुकींत त्याला एकही जागा मिळाली नाहीं. परंतु २१ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याच मजूर सरकारनें पॅलेस्टाइनला मान्यता दिली. ब्रिटन व कॅनडा यांनींही तीच त्याच दिवशीं दिली. म्हणून याचें श्रेय एकट्या बाईंस देणें अतिशयोक्तीचें होईल. तथापि पंधरा महिन्यांपूर्वीं जें बोलणें शिस्तभंग ठरलें, तेंच पुढें राज्याचें धोरण झालें, हें विसरतां येत नाहीं.

माझें मत विचाराल तर शपथ पाळवत नाहीं असें दिसतांच पक्ष सोडणें प्रामाणिकपणाचें होय; जागेचा हिशेब मात्र मतदारांना द्यावाच लागेल. त्यांची मुदत जून २०२८ पर्यंत आहे. आपल्या एकत्र कुटुंबांतही बाहेर एकमुखानें वागण्याची रीत आहे, आणि ती चांगली आहे. परंतु धाकट्याचें म्हणणें आंत पुरतें ऐकून घेतलें असेल तरच बाहेर त्याला गप्प राहण्यास सांगण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांस पोंचतो. विकर्णास पोर म्हणून बसविणाऱ्या घरांतून युयुत्सु निघून गेला, तर दोष एकट्या युयुत्सूचा नव्हे.